लहान ट्रॅक्टरसाठी गवत-कापणी अवजाराची निवड : दिंद्रुड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणा नदीवर माजलगाव धरण झाले आणि तालुक्याच्या पीकरचनेत मोठा बदल घडून आला. जेथे कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी पोहोचले तेथे ऊस आला. इतरत्र कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही पिके टिकून राहिली. जमीन प्रामुख्याने काळी, पावसाळ्यात चिकट व उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. पिढ्यागणिक वाटण्या होऊन शेताचे आकार लहान झाले, बैलजोडी सांभाळणे परवडेनासे झाले आणि तिची जागा पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरने घेण्यास सुरुवात केली. कोळपणी, फवारणी, रोटाव्हेटर आणि वाहतूक ही कामे हा ट्रॅक्टर करू लागला. आता त्याच्यामागे गवत कापण्याचे अवजार जोडावे, असा विचार अनेक शेतकरी करू लागले आहेत.

या विषयाचा महाविद्यालयीन अध्यापकांशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. ग्रामीण महाविद्यालयांतील आपणांपैकी बहुतेकांच्या घरी शेती आहे आणि घरच्या खरेदीत ‘सर, तुम्ही सांगा’ असे म्हणून निर्णय आपल्यावर सोपविला जातो. दुसरे असे की, महाविद्यालयाचे मैदान आणि आवार पावसाळ्यानंतर गाजरगवताने भरून जाते, त्यासाठी यंत्र घेण्याची वेळ येते आणि खरेदी समितीवर आपणच असतो. ‘ट्रॅक्टरचलित गवत कापणी यंत्र, नग एक’ एवढ्याच तपशिलावर दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराला मान्यता देण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. एवढ्या एका ओळीत किमान तीन पूर्णपणे वेगळी यंत्रे बसतात, आणि त्यांपैकी एकाचे काम दुसरे करू शकत नाही. प्रस्तुत लेखात या यंत्रांतील भेद, त्यामागील तत्त्व आणि निवडीचा क्रम यांचे विवेचन केले आहे.

विळा आणि कोयता

यंत्राने गवत कापण्याच्या मूलतः दोन रीती आहेत आणि त्या दोन्ही आपल्या परिसरातील हत्यारांत आधीपासूनच आहेत. विळ्याने गवत कापताना डाव्या हाताच्या मुठीत पेंढी धरली जाते व विळा ओढला जातो. मुठीचा आधार असल्यामुळे विळ्याला वेग लागत नाही, धार पुरते. कोयत्याचे तसे नाही. ऊस किंवा तुराटी तोडताना कोयता वेगाने येऊन आदळतो. बुंध्याला दुसऱ्या बाजूने कशाचाही आधार नसतो; त्याचे स्वतःचे वजन आणि ताठपणा हाच त्याचा आधार. म्हणून कोयत्याला वेग लागतो. वेग कमी पडला तर ताट तुटण्याऐवजी वाकते.

विळ्याच्या तत्त्वावर चालणारे यंत्र म्हणजे कटर बार. लोखंडी पट्टीवर पुढे आलेली बोटे असतात आणि त्यांच्यामधून त्रिकोणी पात्यांची दुसरी पट्टी डावी-उजवीकडे सरकत राहते. बोट ही मूठ आणि सरकते पाते हा विळा, असे म्हणता येईल. ओबेड हसी आणि सायरस मॅककॉर्मिक या दोन अमेरिकनांनी अनुक्रमे 1833 व 1834 मध्ये आपापल्या कापणी यंत्रांची एकस्वे घेतली, त्यांतील कल्पना हीच होती आणि आजच्या कंबाईन हार्वेस्टरच्या तोंडाशीही तीच आहे. पात्याचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटर एवढाच असतो. गवत बुडाशी एकदाच कापले जाते आणि अखंड, ओळीने आडवे पडते.

कोयत्याच्या तत्त्वावरील यंत्रे दोन. पहिले रोटरी स्लॅशर. यात पत्र्याच्या आवरणाखाली उभ्या आसाभोवती एक किंवा दोन जड पाती आडवी फिरतात. पात्यांच्या फिरण्याचा व्यास 1.2 मीटर आणि फेरे मिनिटाला 1,000 धरले तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 63 मीटर, म्हणजे ताशी 226 किलोमीटर होतो. क्रिकेटमधील अतिवेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी 160 किलोमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घेतल्यास या वेगाची कल्पना येईल. दुसरे यंत्र फ्लेल मोवर, ज्याला मल्चर किंवा आपल्याकडे सरसकट कुट्टी यंत्र म्हटले जाते. यात आडव्या नळीवर अनेक लहान पाती किंवा हातोड्या लोंबत्या बसविलेल्या असतात. नळी फिरू लागली की केंद्रोत्सारी बलाने त्या ताठ उभ्या राहतात आणि समोर येईल त्याचे बारीक तुकडे करतात. दगड लागला तर पाते मागे झुकते. यामुळे स्लॅशरच्या तुलनेत हे यंत्र दगड कमी अंतरावर फेकते.

याशिवाय मैदानाच्या हिरवळीसाठी तीन पात्यांचा फिनिशिंग मोवर मिळतो. ज्या मैदानाला वर्षभर पाणी मिळते आणि ज्यावर हरळी नियमित राखली जाते तेथे तो योग्य. आपल्याकडील बहुसंख्य मैदानांची ती स्थिती नाही. कमरेएवढ्या गवतात हे यंत्र घालणे म्हणजे दाढीच्या वस्तऱ्याने पऱ्हाटी तोडणे होय. त्यामुळे त्याचा अधिक विचार येथे केलेला नाही.

कापल्यानंतर काय, हा पहिला प्रश्न

शेतकरी दुकानात गेला की त्याला पहिला प्रश्न ‘ट्रॅक्टर किती एच.पी.चा?’ असा विचारला जातो. हा प्रश्न आवश्यक आहे, परंतु तो दुसरा असावयास हवा. कापलेल्या गवताचे पुढे काय करावयाचे आहे, हा पहिला प्रश्न होय. ते जनावराच्या दावणीत जाणार आहे, की जमिनीत कुजणार आहे, की केवळ नाहीसे व्हावयास हवे आहे? या तीन उत्तरांतून यंत्राचा प्रकार जवळजवळ निश्चित होतो आणि अश्वशक्ती ही केवळ त्याची रुंदी ठरविते.

प्रथम चाऱ्याचा विचार करू. लसूणघास, कडवळ, मका, बांधावरील मारवेल किंवा पडीक रानातील पवना कापून जनावरांना घालावयाचा असेल तर तो अखंड, स्वच्छ आणि गोळा करता येईल असा पडला पाहिजे. हे काम फक्त कटर बार करते. स्लॅशरने कापलेले गवत विखुरते, त्यात माती उडते. फ्लेल मोवरने तर त्याचा भुगा होतो आणि तो जमिनीवरून उचलणे अशक्य होते. यापेक्षाही गंभीर बाब पशुवैद्यकीय आहे. गाय-म्हैस चारा नीट न चावता गिळते व नंतर रवंथ करते. चाऱ्यातून गेलेला तारेचा तुकडा किंवा खिळा तिच्या जाळीदार पोटात अडकतो. या पोटाच्या अगदी पुढे, पातळ पडद्यापलीकडे हृदय असते. पोटाच्या आकुंचनाबरोबर तार पुढे सरकत गेली तर ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते आणि जनावर दगावते. बांधावर, रस्त्याकडेला आणि कुंपणालगत पडलेली बांधणीची तार कटर बारच्या बोटांत सापडली तर यंत्र अडते व चालकाला कळते. वेगाने फिरणारी पाती मात्र तिचे तुकडे करून चाऱ्यात मिसळून देतात आणि चालकाला पत्ताही लागत नाही. दुभत्या म्हशीची किंमत लक्षात घेता, स्लॅशरने कापलेले बांधावरचे गवत दावणीत टाकणे ही काटकसर नव्हे.

चाऱ्याच्या संदर्भात आणखी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. यंत्र हाताशी आले की कडवळ लवकर कापण्याचा आणि फुटवा पुन्हा कापण्याचा मोह होतो. ज्वारीच्या कोवळ्या पानांत व कापणीनंतरच्या कोवळ्या फुटव्यांत, विशेषतः पाण्याचा ताण पडला असताना, हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य अधिक असते. असा हिरवा चारा खाऊन जनावरे तासाभरात दगावू शकतात. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत थांबण्याचा जुन्या माणसांचा दंडक यंत्रामुळे बदलत नाही.

दुसरे उत्तर जमिनीत कुजविण्याचे. येथे पऱ्हाटी आणि उसाचे पाचट हे दोन मुख्य पदार्थ आहेत. कपाशीची वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटून सरपणासाठी रचणे किंवा जाळणे ही जुनी रीत. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बी.टी. कपाशीचे जे नुकसान केले त्यानंतर पऱ्हाटीचा प्रश्न केवळ सरपणाचा राहिला नाही. न उमललेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते आणि बांधावर रचलेली पऱ्हाटी तिला पुढील हंगामापर्यंत सांभाळते. फरदड न घेता शेत वेळेवर रिकामे करावे व पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून ती जमिनीत मिसळावी, ही शिफारस त्यामुळे महत्त्वाची ठरते. हे काम फ्लेल पद्धतीचे यंत्रच नीट करते. स्लॅशरने पऱ्हाटी तुटते, पण तिचे लांब तुकडे राहतात आणि जमिनीवर तिरप्या छाटाची टोकदार खुंटे उरतात. लहान ट्रॅक्टरच्या टायरला या खुंटांनी पडणारी भोके हा दुय्यम खर्च यंत्र घेताना कोणी हिशेबात धरत नाही.

पाचटाची गोष्ट वेगळी आहे. तोडणीनंतर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट शेतात राहते. ते जाळले तर सेंद्रिय द्रव्य आणि नत्र हवेत जाते. बारीक करून खोडव्याच्या सरीत ठेवले तर ओलावा टिकतो. परंतु हेक्टरी आठ टन म्हणजे चौरस मीटरला 800 ग्रॅम. 1.2 मीटर रुंदीचे यंत्र ताशी अडीच किलोमीटर या संथ वेगाने चालविले तरी तासाला सुमारे 2.4 टन पाचट त्याच्या पात्यांतून जाते. लहान ट्रॅक्टरला हा भार पेलणारा नव्हे. पाचटाच्या कुट्टीसाठी मोठ्या ट्रॅक्टरचे यंत्र भाड्याने आणणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लहान ट्रॅक्टरवर ते काम करून दाखवितो असे सांगणाऱ्याने ते भर शेतात, तासभर करून दाखवावे.

तिसरे उत्तर केवळ नाहीसे करण्याचे. पडीक जागा, कालव्याची कड, शाळा-महाविद्यालयांचे आवार आणि त्यांवरील गाजरगवत हे त्याचे ठळक उदाहरण. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदली गेलेली ही वनस्पती आज मराठवाड्याच्या प्रत्येक पडीक तुकड्यावर आहे. एका झाडापासून हजारो हलक्या बिया तयार होतात. त्यामुळे ती केव्हा कापली जाते याला ती कशाने कापली जाते यापेक्षा जास्त महत्त्व आहे. फुलोऱ्यापूर्वी कापली तर बी धरत नाही. मात्र बुडातून पुन्हा फुटते आणि दुसऱ्यांदा अधिक ठेंगणी राहून फुलते, म्हणून पावसाळ्यात दोन-तीन वेळा कापणी लागते. पांढरी फुले पिकल्यावर स्लॅशर फिरविला तर आपण पेरणी यंत्र चालवीत आहोत असेच समजावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गाजरगवत निर्मूलन अनेकदा हिवाळ्यात घेतले जाते. तोपर्यंत पावसाळी पिढीचे बी जमिनीत पडलेले असते, ही गोष्ट कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. शिवाय या वनस्पतीच्या परागांनी व चुऱ्याने त्वचेची व श्वसनाची ॲलर्जी होते. ट्रॅक्टरवरील चालकाभोवती हा चुरा सतत उडत असतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा आणि तोंडावर फडके या गोष्टी यंत्राच्या किमतीतच धरावयास हव्यात.

शक्तीचा हिशेब

प्रकार ठरल्यानंतर रुंदीचा प्रश्न येतो आणि येथे अश्वशक्ती उपयोगी पडते. इंजिनची अश्वशक्ती आणि मागील पी.टी.ओ. दांड्यावर मिळणारी अश्वशक्ती यांत दहा ते पंधरा टक्क्यांचा फरक असतो. 24 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर पी.टी.ओ.ला सुमारे 21 अश्वशक्ती म्हणजे 15.5 किलोवॅट मिळते असे धरू. त्यातील दीड-दोन किलोवॅट ट्रॅक्टर स्वतःला ढकलण्यात खर्च करतो. उरले सुमारे साडेतेरा.

कृषी अभियांत्रिकीत वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी प्रमाण आकड्यांनुसार दर मीटर रुंदीला कटर बारला साधारण 1.2 किलोवॅट, वेगाने फिरणाऱ्या तबकडी मोवरला 5 किलोवॅट आणि फ्लेल मोवरला 10 किलोवॅट लागतात. विळ्याला आणि कोयत्याला लागणाऱ्या श्रमांतील फरकच या आकड्यांत उमटला आहे. या हिशेबाने 24 अश्वशक्तीला फ्लेल मोवर 1.2 मीटरपर्यंत, म्हणजे चार फुटी, जेमतेम चालतो. पाच फुटी चालत नाही. पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला याच रीतीने पाऊण मीटरचा फ्लेल मोवर बसतो. पण त्या ट्रॅक्टरच्या चाकांची बाहेरची रुंदीच मीटरभर असते. यंत्र चाकांपेक्षा अरुंद असेल तर एका बाजूचे न कापलेले गवत चाकाखाली दबते आणि दबलेले गवत कोणतेच यंत्र कापत नाही. म्हणून पंधरा अश्वशक्तीवाल्याने फ्लेल मोवरचा विचार सोडून द्यावा. चाऱ्यासाठी दीड मीटरचा कटर बार त्याला सहज ओढता येईल.

दुकानदार मोठी रुंदी सुचवितो, कारण ती महाग असते. ग्राहकालाही ती आवडते, कारण काम लवकर होईल असे वाटते. प्रत्यक्षात शक्ती कमी पडली की इंजिनचे फेरे उतरतात, फेरे उतरले की पात्याचा वेग उतरतो आणि कोयता हळू झाला की काय होते ते आपण वर पाहिलेच. गवत कापले न जाता फाटते, गुंडाळते, आणि अखेर चालक गिअर उतरवून निम्म्या वेगाने चालवू लागतो. रुंद यंत्राचा फायदा अशा रीतीने संपून जातो.

फेऱ्यांच्या बाबतीत एक धोका उलट बाजूनेही आहे. पी.टी.ओ.चा प्रमाण वेग मिनिटाला 540 फेरे हा आहे आणि बहुतेक अवजारे त्यासाठीच बनविलेली असतात. काही लहान ट्रॅक्टरांवर मात्र त्याखेरीज 750 सारखा वाढीव वेग निवडण्याची सोय असते. चुकून तो दांडा पडला तर पात्याचा वेग 39 टक्क्यांनी वाढतो. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती जवळजवळ दुप्पट होते. पाते, पिन, बेअरिंग यांपैकी काहीही त्यासाठी घडविलेले नसते. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील पी.टी.ओ.चे वेग आणि अवजारावरील पट्टीवर लिहिलेला वेग एकमेकांशी ताडून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

जोडणी आणि तोल

अवजार ट्रॅक्टरला तीन बिंदूंनी जोडले जाते. ही जोडणी हॅरी फर्ग्युसन यांच्या नावाशी निगडित असून 1930 च्या दशकात ती व्यवहारात रूढ झाली. तिचे आकारमानानुसार वर्ग आहेत. नेहमीच्या पहिल्या वर्गात खालच्या दोन पिनांमधील अंतर 683 मिलिमीटर असते, तर अरुंद उपवर्गात ते 400 मिलिमीटरच असते. अगदी लहान ट्रॅक्टर या अरुंद वर्गात येऊ शकतात. मोठ्या ट्रॅक्टरचे जुने अवजार स्वस्तात मिळाले म्हणून आणले आणि मग गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कान कापून आत जोडले, असे प्रकार घडतात. त्यामुळे दांड्याचा कोन बिघडतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात.

याहून महत्त्वाचा, परंतु जवळजवळ कधीच न विचारला जाणारा प्रश्न तोलाचा आहे. समजा, ट्रॅक्टरचे वजन 800 किलो असून त्यातील 320 किलो पुढच्या चाकांवर आहे आणि दोन आसांमधील अंतर दीड मीटर आहे. 250 किलोचा फ्लेल मोवर उचलला असता त्याचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या 1.2 मीटर मागे असतो. तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या चाकांवरील भार 200 किलोने कमी होतो. उरतात 120 किलो. ट्रॅक्टर व अवजार मिळून 1,050 किलोपैकी हे केवळ 11 टक्के झाले. सुरक्षित चालविण्यासाठी किमान 20 टक्के भार पुढे असावा, असा संकेत आहे. लिफ्टची क्षमता साडेसातशे किलो आहे, त्यामुळे यंत्र उचलले जाते आणि सर्व ठीक आहे असे वाटते. मात्र कालव्याच्या भरावावर चढताना पुढची चाके हलकी होतात व स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. पुढे, आसाच्या अर्धा मीटर पुढे 60 किलोची वजने लावली तर 80 किलो भार परत येतो आणि प्रमाण 18 टक्क्यांवर जाते. तरीही ते अपुरेच. तेच यंत्र 180 किलोचे, साडेतीन फुटी घेतले तर वजनांसह हे प्रमाण 24 टक्क्यांच्या वर राहते. म्हणजे शक्तीच्या हिशेबात चार फुटी यंत्र बसत असले तरी तोलाच्या हिशेबात साडेतीन फुटीच योग्य ठरू शकते.

माणसे, दगड आणि नळ्या

आपल्याकडील शेतात कापणीचे यंत्र एकटे चालत नाही. मागे चारा गोळा करणाऱ्या बाया असतात, बांधावर मुले असतात, शेळ्या असतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. जी कुटुंबे जातात त्यांच्या घरी म्हातारी माणसे आणि जनावरे उरतात. चाऱ्याचे काम या म्हाताऱ्या माणसांवर पडते. कापणी यंत्राची खरी गरज तेथे आहे आणि त्याचा धोकाही तेथेच अधिक आहे.

पी.टी.ओ. दांडा मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्याचा सांधा 80 मिलिमीटर जाडीचा धरला तर तो एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड गुंडाळून घेतो. पदर, धोतराचा सोगा, उपरणे यांपैकी काहीही सापडले तर सोडविण्याइतका अवधीच नसतो. दांड्यावरील प्लॅस्टिकचे आवरण पहिल्याच हंगामात तुटते आणि परत बसविले जात नाही. हे आवरण सुटे मिळते किंवा नाही, हे यंत्र घेतानाच विचारावे. त्याचप्रमाणे स्लॅशरच्या मागील बाजूस साखळ्यांचा किंवा रबराचा पडदा असलाच पाहिजे. काही स्वस्त नमुन्यांत तो नसतो. तेथे किंमत कमी झालेली दिसते ती याच ठिकाणी. पी.टी.ओ. बंद केल्यावरही जड पाती काही काळ फिरत राहतात. अडकलेले गवत काढण्यासाठी तत्काळ हात घालणे हे अपघाताचे नेहमीचे कारण आहे.

ठिबकच्या नळ्या हा आपल्या परिसराचा खास विषय. कपाशीत वा उसात पसरलेली लॅटरल फ्लेल मोवरच्या नळीभोवती गुंडाळली गेली की ती उष्णतेने वितळून बेअरिंगच्या सीलपर्यंत पोहोचते आणि काढण्यास अर्धा दिवस लागतो. नळ्या गोळा केल्याखेरीज शेतात यंत्र घालू नये.

विकत की भाड्याने

उदाहरणादाखल यंत्राची किंमत एक लाख रुपये, आयुष्य दहा वर्षे आणि शेवटी दहा टक्के मोड धरू. वार्षिक घसारा 9,000 रुपये. सरासरी गुंतवणूक 55,000 रुपयांवर दहा टक्के व्याज 5,500 रुपये. दुरुस्ती सोडूनच वर्षाला 14,500 रुपये झाले. पाच एकर कपाशीवाल्याचे पऱ्हाटीचे काम वर्षातून एकदाच येते आणि चार फुटी यंत्राला ते पाच-सहा तासांचे आहे. म्हणजे तासाला अडीच हजार रुपयांवर खर्च यंत्र उभे राहण्याचाच झाला. तेच यंत्र दीडशे तास चालले तर हा खर्च तासाला शंभर रुपयांच्या खाली येतो. पऱ्हाटीच्या कुट्टीसाठी एकट्याने यंत्र घेणे म्हणूनच आतबट्ट्याचे ठरते. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून आणि बीड जिल्ह्याचा समावेश असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून गटांना अवजार बँकेसाठी साहाय्य देण्याची जी कल्पना पुढे आली, तिच्यामागील गणित हेच होय.

कटर बारचे मात्र तसे नाही. ज्याच्याकडे चार-पाच दुभती जनावरे आणि ओलिताचा चारा आहे, त्याचे यंत्र जवळजवळ रोज अर्धा तास चालते. वर्षाला दीडशे तास सहज भरतात. त्याने ते विकत घ्यावे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि गवत कापणी यंत्रे यांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. दरपत्रक जुने असेल तर ते नव्याने मागवावे.

दुकानातून शेतात

महाविद्यालयाने किंवा शेतकऱ्याने पैसे देण्यापूर्वी प्रात्यक्षिक मागावे आणि ते दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत नव्हे, तर स्वतःच्या सर्वांत दाट गवतात. इंजिनचे फेरे पी.टी.ओ.च्या 540 खुणेवर ठेवून नेहमीच्या गिअरमध्ये शंभर पावले चालवावे. काटा खाली येत असेल तर रुंदी जास्त आहे. ट्रॅक्टर उभा करून, पाती पूर्ण थांबल्यावर मागे जाऊन कापलेली ताटे पाहावीत. छाट स्वच्छ आहे की तंतू लोंबत आहेत, हे डोळ्यांना लगेच कळते. पंधरा-वीस मिनिटांनंतर इंजिन बंद करून गिअर बॉक्सजवळ हात नेऊन पाहावा. धग लागत असेल तर तेलाची पातळी किंवा दांड्याचा कोन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी, सुट्या भागांबाबत. कटर बारची त्रिकोणी पाती रिव्हेटने बसविलेली असतात आणि माजलगावच्या किंवा बीडच्या बाजारात ती नगावर मिळतात का, हे आधी पाहावे. परजिल्ह्यातून मागवावी लागणारी पाती ऐन श्रावणात आठ दिवस यंत्र उभे करतात. फ्लेल मोवरचे एखादे पाते तुटले तर तेवढेच एक नवे घालू नये. त्याच्या नेमके समोरचे जुने पातेही काढून दोन्ही नवी, सारख्या वजनाची घालावीत. झिजलेल्या आणि नव्या पात्याच्या वजनात शंभर ग्रॅमचा फरक पडला तरी मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना नळी थरथरू लागते आणि महिन्याभरात बेअरिंग जाते. म्हणून खरेदीच्या वेळीच पात्यांच्या दोन जोड्या वजन करून घ्याव्यात. किराणा दुकानातला तागडी-काटा त्यासाठी पुरतो.